बिनमेणाची गाठ

२ जुलै १९४८, शुक्रवार

बसवराज फौजीच्या गळ्यातला दोरा आज कुजून तुटला. नदीवर आंघोळ करताना. त्यातले इष्टलिंग पाण्यात पडायचे ते त्याने वरच्या वर झेलले आणि तसाच ओल्या अंगाने, मूठ छातीशी धरून, कॅम्पात आला. सगळे हसले. मला हसू आले नाही. लिंगायताच्या गळ्यातून लिंग उतरले की तो अन्न तर सोडाच, पाण्याचा घोटही घेत नाही. आमच्या दुकानात अशी माणसे येत – मूठ मिटून, उपाशी.

"पटव्या! हे तुझं काम हाय. लवकर कर, भाकरी निवायलीय."

माझे नाव बन्सीधर. कॅम्पात एकटे दिनकररावच मला नावाने हाक मारतात. ते वकील, कॅम्पाचे मुख्य, त्यांची जीभ तशी वळलेली. बाकी सगळ्यांना मी पटव्या. वाईट वाटायचे कारण नाही. पूर्णेला आमचे पटवेकऱ्याचेच दुकान होते. मण्यांच्या पोती ओवायच्या, करगोटे वळायचे, दागिन्यांना गोंडे लावायचे. गेल्या फाल्गुनातल्या धामधुमीत ते जळाले आणि मी पैनगंगा ओलांडून इकडे वऱ्हाडात आलो. नदीपलीकडे निजामाची मोगलाई, अलीकडे त्याच्याशी लढणाऱ्यांचा आमचा कॅम्प.

रेशीम कुठले मिळणार? गोधडीचा सुती दोरा घेतला. सात पदर वळले. गाठ घातली ती आमच्या घरची, वडिलांनी शिकवलेली – एक टोक दुसऱ्याच्या पोटातून काढून मागे वळवायचे. लिंग फडक्यात गुंडाळलेले, त्याला मी हात लावला नाही. ते त्यानेच आपल्या हाताने दोऱ्यात अडकवले. मेण मात्र नव्हते. वडील म्हणत, गाठीला मेण चोळून ती उबेवर दाबली नाही तर ती कच्ची. घामाने, पाण्याने हळूहळू सैल पडते.

मी त्याला तसे सांगितले. "दोन-चार दिवस जपा, फौजी. मेण मिळालं की पुन्हा पक्की करून देतो."

"किती भेतूस रं! तुझी कच्ची म्हंजे दुसऱ्याची पक्की."

मग त्याने लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केली, कपाळाला भस्म ओढले आणि तीन भाकरी खाल्ल्या.


४ जुलै, रविवार

बाजाराला गेलो. मेण होते – एका म्हातारीपाशी, केळीच्या पानावर. पुढच्याच दुकानात शाईच्या वड्या होत्या. माझी शाई संपली होती, चार दिवस पेन्सिलीने लिहीत होतो आणि पेन्सिलीचे अक्षर पुसट होते. खिशात एकाचीच सोय.

शाई घेतली. मेण पुढच्या रविवारी घेऊ.


८ जुलै

नेमबाजीचा सराव. चाप ओढताना मी डोळे मिटतो. मला वाटले होते कोणाच्या लक्षात येत नाही. फौजी मागे येऊन उभा राहिला.

"डोळे मिटून तू मणी ववतूस का?"

"नाही."

"मंग? बंदूक बी तसंच बारीक काम हाय."

सटवाजी खो-खो हसला. "त्याला बंदूक नगं, सुई द्या. रझाकाराला टाके घालंल!"

सटवाजी जिंतूरकडचा, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. पण कॅम्पात कोणाला काटा रुतला तरी धावतो.

फौजी हसला नाही. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसला. तो सोनपेठचा. घरी आई एकटी, भागम्मा. तो लढाईत ब्रह्मदेशात होता, त्याला तमगा मिळाला आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कशाबद्दल मिळाला ते तो कोणाला सांगत नाही. आज मी विचारले नव्हते तरी सांगितले.

"टेकडीवर आमची मशीनगन. आमचा नाईक पंजाबी व्हता. लय तापट. समोरून जपानी यायलेत, आन् ह्यो मला म्हणतो, बसू, पानी न्हाई, डबा घे, खाली वढ्यावरून पानी आन. मी शिव्या देत गेलो. वर आलो तर समदे मेलेले. नाईक गनीवर उपडा. टेकडी तेवढी आपल्याच ताब्यात."

"मग?"

"मंग काय! तमगा दिला मला. जितं ऱ्हायलो म्हणून."

त्याने गवताची काडी तोंडात घातली. मग म्हणाला, "पान्याचा दुसरा डबा भरलेलाच व्हता रं, गनीपाशी. मला लय दिसानं आठवलं."

मी म्हणालो, "दोरा बघू तुमचा. सैल पडला का?" त्याने मान उंच करून दाखवला. गाठ जागच्या जागी होती. पण मेण नाही म्हणजे नाही.


११ जुलै, रविवार

बाजार चुकला. दिनकररावांनी कोणालाच बाहेर सोडले नाही. नदीपलीकडच्या नांदगव्हाणवर निजामाच्या रझाकारांची टोळी येणार अशी पक्की खबर आहे. उद्या सकाळी गावातल्या लोकांना या काठाला आणायचे. पाणी छातीइतके, ओढ भरपूर. दोरखंड बांधून, तो धरून लोक उतरवायचे. दोरखंडाचे काम माझ्याकडे.

"गाठी ह्याच्या हातच्याच पाह्यजेत," फौजी सगळ्यांसमोर म्हणाला.

मला बरे वाटले. मेणाचे तेवढे राहिले.


१३ जुलै

फौजी परत आला नाही.


१५ जुलै

परवा पुढे लिहवले नाही. आज क्रमाने लिहितो. क्रम चुकला तर मीच माझी सोय पाहिल्यासारखे होईल.

सोमवारी सकाळी पलीकडे गेलो. नांदगव्हाण घाटापासून थोडे आत आहे. गावातून घाटाला यायला एकच वाट – पांदण. दोन्ही बाजूंना उंच बांध, त्यावर बाभळी-बोरी. पांदीच्या तोंडाशी आंब्याचे झाड आहे आणि मोठे दगड. त्या आंब्याखाली आम्ही भाकरी खाल्ली. मी दोरखंड एका अर्जुनाच्या झाडाच्या बुंध्याला बांधला, अलीकडे सटवाजीने तो बाभळीला बांधला. मी दोन्हीकडच्या गाठी पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

लोक उतरायला लागले. बाया, पोरे, शेळ्या. कडूबाई नावाची म्हातारी कोंबडी सोडायला तयार होईना.

"तिला बी जीव हाय का न्हाई? तिला बी धरू द्या दोर!"

फौजीने तोंड वाकडे करून ती कोंबडी उचलली आणि म्हातारीच्या पदरात बांधून दिली. "आज्जे, ही आमच्या फौजेत असती तर आतापतूर शिजली असती."

"शिजवणारं त्वांड बग तुझं! कपाळाला भस्म, आन् म्हणं शिजवतो!"

पाण्यात उभी असलेली माणसे हसली. अगदी तेव्हाच गावाच्या पलीकडून बार ऐकू आले.

दिनकरराव आणि बाकीचे आधीच लोकांबरोबर पाण्यात होते. नदीच्या मध्यावर तीसेक माणसे दोरखंडाला लोंबकळलेली. मोगलाईच्या काठावर आम्ही दोघेच – फौजी आणि मी. मी अर्जुनापाशी, गाठीवर हात ठेवून.

त्याने पांदीकडे पाहिले. मग हात गळ्याशी नेला. सदऱ्याच्या आत चाचपले. त्याचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

"पटव्या, तुझा दोरा गेला. लिंग पडलं."



"कुठं?"

"आंब्याखाली बसलो व्हतो, तितंच असंल. मी घिऊन येतो."

"फौजी, बार..."

"लिंगाबिगर मी काय कामाचा? तू तुझा दोर सांभाळ. ह्यो सुटला तर बाया व्हावून जातेत. समदे पार झाले की तू बी नीघ. मी आलोच."

आणि तो बंदूक घेऊन पळाला. पांदीकडे.

मी "मी जातो" म्हणालो नाही. गाठ माझी, चूक माझी, पडलेले लिंग शोधायला जायला मी हवा होतो. मला सुचले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. सुचले होते. मी दोरखंडाची गाठ दाबून धरली. ती दाबून धरायची काही गरज नव्हती.

मग पांदीच्या तोंडाशी बार सुरू झाले. त्याच्या बंदुकीचा आवाज मला ओळखू येतो – एक, थांबून एक. पलीकडून पुष्कळ. टोळी पांदीच्या बाहेर आलीच नाही. लोक पार झाले. सटवाजी अलीकडून ओरडत होता, "पटव्या, ये! ये की रं!" मी दोरखंड धरून आलो. मध्यावर असताना मागचा आवाज थांबला.

आम्ही अलीकडे वाट पाहिली. टोळी घाटावर आली नाही. दुपारून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, पाणी चढले. दोरखंड तोडावा लागला.


१६ जुलै

मेण घेतले असते तर.

याच शाईने लिहितो आहे.


१८ जुलै, रविवार

कॅम्पात सभा झाली. नांदगव्हाणचे लोकही होते. दिनकरराव बोलले: "परतीची वाट मोकळी होती. दोर हाताशी होता. पण हा वीर पाठ फिरवून शत्रूच्या दिशेने चालत गेला, तुमच्या-आमच्यासाठी." बाया रडल्या. कडूबाई पदरात तोंड घालून म्हणाली, "माझी कोंबडी बांधली रं त्या लेकरानं."

सटवाजीने मला विचारले, "तू तर शेजारीच व्हतास. जाताना काय म्हणला?"

"मी आलोच, म्हणाले."

हे खरे आहे. पण एवढेच खरे नाही.


१ ऑगस्ट

आज दिनकररावांना सांगितले. सगळे. दोरा, मेण, शाईची वडी, आंबा. ते एका बाजूला तोंड करून ऐकत होते.

"म्हणजे तुझे म्हणणे, तो गळ्यातले हुडकायला गेला आणि सापडला?"

"पहिल्यांदा त्यासाठी गेले. मग लढले."

"बन्सीधर, त्या एका नावावर गेल्या पंधरवड्यात कॅम्पात चाळीस पोरे आली. मोठा माणूस गेला आणि तू त्याला दोऱ्याएवढा करायला निघालास! हे पुन्हा कोणाजवळ बोलू नको."

मी त्याला लहान करत नव्हतो. मी माझी चूक सांगत होतो. पण बाहेर आल्यावर वाटले – चूक सांगून हलके व्हायची माझी घाई होती का?

लिंगायत माणसे काय मानतात ते मला ठाऊक आहे. लिंग अंगावर असताना गेला तर तो लिंगात मिळाला, त्याचे सोने झाले. लिंग हरवून गेला तर... फौजी तसा गेला. माझ्यामुळे. बहाद्दुरीचे भाषण त्याला काय कामाचे?


१५ ऑगस्ट

झेंडा लावला. त्याच्या नावाने घोषणा झाल्या. मी ओठ हलवले.


२९ ऑगस्ट

मेण आणले आहे. उगीच. पिशवीत पडून आहे.


१८ सप्टेंबर, शनिवार

निजाम शरण आला! काल संध्याकाळी रेडिओवर सांगितले म्हणे. हिंदी युनियनच्या फौजा थेट आत गेल्या. सगळे नाचत होते, सटवाजीने मला खांद्यावर घेतले, मीही ओरडलो. त्याच्या खांद्यावरून नदीपलीकडचा अर्जुन दिसला. माझ्या दोरखंडाचा तुकडा अजून बुंध्याला होता.


४ ऑक्टोबर, सोमवार. सोनपेठ

गंगाखेडला गाडीतून उतरून बैलगाडीने आलो. दिनकररावांनीच पाठवले: "तू त्याच्याजवळ होतास, आईला तू सांग." बातमी आधीच पोचली होती. दारात माणसे होती, ती मला वाट देत बाजूला झाली.

भागम्मा उंबऱ्याच्या आत बसली होती. वाळकी, ताठ. मी पाया पडलो. दिनकररावांचे शब्द मी वाटेत पाठ केले होते. ते सुरू केले. वीर, शत्रू, परतीची वाट. तिने हात वर केला.

"ऱ्हाऊ दे बाबा. ते समद्यांनी सांगितलं. तू एवढं सांग. लिंग व्हतं का गळ्यात त्याच्या?"

मी खाली पाहिले.

"रडाया लय आयुष्य हाय मला. पर हे आदी सांग. तीन म्हैने झाले, घास उतरना. भाकरी तोंडाशी नेली की वाटतं, लेकरू लिंगाबिगर पडलं आसंल का कुठं?"

शेजारीण चतुराबाई म्हणाली, "एक येळंच खातेत त्या. तेबी दामटलं तवा."

मी म्हणालो, "होतं, अव्वा."

"तू पाह्यलंस?"

"मीच बांधलं होतं. नवा दोरा करून."

तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले. बोटे उलटीसुलटी करून पाहिली. "पटवेकऱ्याचा हायस व्हय! मंग न्हाई सुटायचं."

मग तिने चतुराबाईला चूल पेटवायला सांगितले. मला वाढले आणि स्वतःही बसली. पिठले-भाकरी. ती जेवली. मी तिला जेवताना पाहिले. एक शब्द खरा बोललो असतो तर ते ताट तसेच राहिले असते.


६ ऑक्टोबर. सोनपेठ

लिंगायतांचे पुरोहित, जंगम, आले. चंद्रप्पा स्वामी. त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ विचारले. अंगावर लिंग असेल तर तो लिंगैक्य झाला, तसा विधी करायचा. नसेल तर विधी वेगळा. "आईला बरे वाटावे म्हणून बोलला असशील तर मला सांग. मी तिला कळू देणार नाही. पण विधी चुकता कामा नये."

एवढी सोपी वाट त्यांनी मोकळी करून दिली. मी म्हणालो, "होते, स्वामीजी."

दुसऱ्यांदा खोटे बोलायला त्रास कमी पडतो. हे मला माहीत नव्हते.

चुकीचा विधी झाला. माझ्या शब्दावर. निघताना भागम्माने भस्माची पुडी दिली. "जितं पडला तितं टाक."


७ नोव्हेंबर, रविवार. नांदगव्हाण

दिवाळी होताच इथे आलो. पाणी उतरले आहे, घाट उघडा पडला आहे. मनात ठरवले आहे – लिंग शोधायचे. सापडले तर सोनपेठला स्वामींकडे नेऊन द्यायचे आणि सगळे सांगायचे. मग ते काय तो विधी करोत.

आंब्याखालची माती हाताने चाळली. पावसाळा तिच्यावरून गेला आहे, मला कळते. पण दगड तर वाहून जात नाही ना? सुपारीएवढे काळे काही दिसले की उचलून पुसून पाहतो. बिबे निघतात. गोटे निघतात.

गाव अर्धे परतले आहे. कडूबाईने भाकरी दिली. "काय हुडकायलास?" म्हणाली. मी म्हणालो, "माझे काही पडले आहे."


८ नोव्हेंबर

आंब्यापासून घाटापर्यंतची वाट झाली. नाही.


९ नोव्हेंबर

आज पांदीच्या तोंडाशी, दगडांच्या फटीत काडी घालून पाहत होतो. मागे कोणी खाकरले. बांधाआड एक माणूस, पन्नाशीचा, दाढी वाढलेली. मी वळताच त्याने हात जोडले.

"मी न्हाई त्यांच्यातला, मालक. गावाला इचारा. मी चांदसाब मुलाणी."

माझ्यासमोर कोणी असे हात जोडील असे मला कधी वाटले नव्हते. पांदीलगत त्याचे घर आहे. छप्पर जळालेले. हे त्या टोळीचे काम नव्हे. टोळी गेल्यावर, निजाम पडल्यावर, आपल्याच लोकांनी जाळले. तेव्हापासून तो बायकापोरांसह बहिणीच्या गावी, उसाच्या फडात, असा दिवस काढत होता. मी त्याला खाली बसवले. खिशातले चुरमुरे दिले. तो बराच वेळ हातात धरून बसला, मग खाल्ले.

"तुमी त्या शिपायाचे कोण?"

मी म्हणालो, "सोबतचा."

तो उठला आणि मला बांधापलीकडे घेऊन गेला. बोरीखाली माती थोडी उंच, वर दगड रचलेले.

"हितं हाय. टोळी निघून गेली, गावात चिटपाखरू न्हाई. मी म्हाताऱ्या आईला घिऊन घरातच पडून व्हतो, तिला चालवत नव्हतं. भाईर आलो तर ह्यो दगडाआड. कुत्री यायलीती. मग मीच खड्डा केला. लिंगायताला बसवून गाडतेत, जंगमाच्या मयतीला मी पाह्यलं व्हतं. तसा बसवला. आमी बी माणूस गाडतोच की. फकस्त आडवा."

"लिंगायत आहे हे कसं कळलं?"

"कपाळाला भस्म व्हतं की. आन्..." तेवढ्यात पांदीतून बैलगाडी आली. तो दचकून बोरीआड झाला. गाडी लांब गेल्यावरच बाहेर आला.

मग मी विचारले, "तुम्ही घरातून पाहिलंत का त्यांना? आंब्याखाली काही शोधत होते का?"

"शोधायला? न्हाई बा. आंब्याकडं त्यानं बगितलं बी न्हाई. पळत आला, नीट दगडाआड बसला आन् बंदूक लावली."

म्हणजे वेळच मिळाला नाही त्याला. जवळ जाऊनही मिळाले नाही.

पुढचे विचारायला माझी जीभ उचलली नाही. मी भस्माची पुडी सोडली, दगडांवर टाकली. चांदसाब टोपी सारखी करून बाजूला उभा राहिला. निघताना म्हणाला, "त्याची एक वस्तू माझ्यापाशी हाय. कुणी तरी इचारत येईल म्हणून ठिवली. बहिणीच्या घरी हाय. उद्या आणतो."

कमरेचा पट्टा असेल. किंवा टोपी. भागम्माला देता येईल. पण तिला जे हवे आहे ते मी कुठून आणू?


१० नोव्हेंबर

चांदसाबने आणला तो दोरा.

सुती, सात पदरी. एका जागी चाकूने कापलेला. म्हणाला, "लिंग त्याच्या हातात द्यायचं व्हतं, तवा गळ्यातनं काढाया लागलं. गाठ काय केल्या सुटंना. म्हणून कापला. राग मानू नका."

गाठ मी मारली तशीच आहे. तसूभर सरकलेली नाही.

पाण्याचा डबा भरलेला होता.

"माझ्यासंगं चल" म्हणाला असता तर मी गेलो असतो का? त्याने ते विचारलेच नाही. माझ्या हातात दोर देऊन, मला पटेल ते कारण सांगून गेला.

सकाळपासून ती गाठ सोडवून पाहतो आहे. मलाही सुटत नाही.